गाडी लावण्याचे भाडे कोणाच्या पगारातून?



वसंत व्याख्यानमालेत आपण साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर ऐकायला येता. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी रस्त्यावरचा आहे. शहराच्या मध्यभागी गाडी लावायला पैसे घ्यावेत काय, किती घ्यावेत, आणि घेतले तर त्यांचा भार शेवटी कोणावर पडतो, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. उदाहरण आपल्या पुण्याचेच घेणार आहे. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई हा भाग आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे, तेव्हा मी सांगितलेले खरे की खोटे हे आपल्याला आज घरी जातानाही पडताळून पाहता येईल.

कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने हा विषय कशाला घ्यावा, असे काहींना वाटेल. माझे शाळेचे शिक्षण थोडे. बाकीचे वाचनालयांत आणि कामगारांच्या बैठकांत झाले. त्या बैठकांत मी एक गोष्ट पाहिली. पार्किंगचा प्रश्न निघाला की महापालिका बोलते, व्यापारी बोलतात, मोटारवाले बोलतात. दुकानात काउंटरमागे सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असलेला माणूस बोलत नाही. त्याला मत नाही असे नव्हे. सभा ज्या वेळी भरते त्या वेळी तो कामावर असतो. म्हणून त्याचा हिशेब आज मी मांडतो. परंतु तो मांडताना दुकानदाराचा हिशेबही सोडणार नाही, कारण दुकान चालले तरच नोकरी टिकते, हे आमच्या लोकांना पक्के ठाऊक आहे.

जागेचा हिशेब

प्रथम जागेचे पाहू. एक मोटार उभी राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ही नुसती उभे राहण्याची जागा झाली. आत येणे, वळणे, बाहेर पडणे हे सारे धरले म्हणजे उघड्या वाहनतळावर एका मोटारीमागे २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरावी, असे मान आपल्या देशातील नगररचनाकार वापरतात. ३२ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३४५ चौरस फूट. पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत ज्यांनी संसार केला, त्यांना ३४५ चौरस फूट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ही जागा रस्त्यावर असली की आपण तिला ‘फुकट’ म्हणतो. पण फुकट म्हणजे कोणीच पैसे दिले नाहीत असे होत नाही. रस्ता महापालिकेच्या पैशाने होतो. तो पैसा गाडीवाल्याप्रमाणेच पायी चालणारा, बसने येणारा आणि भाड्याच्या खोलीत राहणारा हेही या ना त्या रूपाने भरीत असतात. त्याच रस्त्याच्या कडेला एखाद्या पथारीवाल्याने चार फूट जागा मागितली, तर त्याला परवाना लागतो, शुल्क भरावे लागते, आणि २०१४ सालचा पथविक्रेत्यांचा कायदा पाठीशी असूनही तो हटवला जाण्याच्या भीतीखालीच बसतो. त्याच्या शेजारी मोटार दिवसभर उभी असते. तिला कोणी काही विचारीत नाही. तेव्हा सार्वजनिक जागा व्यापणाऱ्याने तिचे काही मोल द्यावे, हे तत्त्व मला मान्य आहे. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही तेच सांगितले आहे: वाहनतळाच्या शुल्कात जमिनीच्या मोलाचे प्रतिबिंब पडले पाहिजे. वाद तत्त्वाचा नाही. ते मोल कोण देतो, कसे देतो आणि दिलेल्या पैशाचे पुढे काय होते, ह्याचा वाद आहे.

मीटर कशासाठी आले?

गाडी लावण्यासाठी तासावर पैसे घेणारे पहिले यंत्र अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ह्या शहरात १६ जुलै १९३५ रोजी बसले. तासाला पाच सेंट असा त्याचा दर होता. हे यंत्र का आले, ते आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथील बाजारपेठेतल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत काम करणारी माणसे सकाळी आपली मोटार दुकानांपुढे लावीत आणि संध्याकाळी नेत. गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. व्यापाऱ्यांनी तक्रार केली. त्यांच्या व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीचे काम कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाकडे होते. त्यांनी ह्या यंत्राची कल्पना पुढे आणली. प्रारंभी यंत्रे काही रस्त्यांच्या एकाच बाजूला बसवली. थोड्याच दिवसांत समोरच्या बाजूचे दुकानदार आपल्याही दारात यंत्र हवे म्हणून मागणी करू लागले, कारण पैसे पडणाऱ्या बाजूला गिऱ्हाइकाला जागा मिळत होती आणि फुकटच्या बाजूला मिळत नव्हती.

ह्यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, पार्किंगचे भाडे मुळात व्यापाऱ्याच्या सोयीसाठी जन्माला आले. त्याने धंदा बुडतो ही समजूत पहिल्याच प्रयोगात खोटी ठरली. दुसरी, त्या भाड्याचा रोख पहिल्या दिवसापासून कामाला येणाऱ्या माणसाच्या गाडीवर होता. ती हलवण्यासाठीच ते यंत्र होते. पुढे नव्वद वर्षांत जगभर शेकडो शहरांनी हे साधन उचलले, पण कामगाराची गाडी हलवल्यावर कामगाराने यायचे कसे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी मागेच राहिला.

एकच दर, दोन ओझी

आता लक्ष्मी रस्त्यावर येऊ. समजा, दुचाकीला तासाला दोन रुपये असा दर ठेवला. दोन रुपयांत हल्ली काय मिळते, असे आपण म्हणाल. खरे आहे. साडी घ्यायला आलेली बाई सव्वा तास थांबली, तर तिला तीन-चार रुपये पडतील. हजारो रुपयांच्या खरेदीत ते तिच्या लक्षातही येणार नाहीत. पण त्याच साडीच्या दुकानातला सेल्समन दहा तास थांबतो. त्याला दिवसाला वीस रुपये, महिन्याच्या २६ दिवसांना ५२० रुपये पडतील. त्याचा पगार १५,००० रुपये धरला, तर ही साडेतीन टक्के कपात झाली. साडेतीन टक्के पगारवाढीसाठी आमच्या संघटनांना मालकाशी महिनोन् महिने वाटाघाटी कराव्या लागतात. इथे एका फलकावर दर लिहिला की ती वाढ गेली, आणि कोणाशी बोलायलाही जागा नाही.

ह्याचे मर्म असे आहे की, पार्किंगचा दर वरवर पाहता वाहनावर असतो, पण प्रत्यक्षात तो वेळेवर असतो. जो सर्वांत जास्त वेळ थांबतो तो सर्वांत जास्त देतो. बाजारपेठेत सर्वांत जास्त वेळ कोण थांबतो? जो तिथे राबतो तो. म्हणून दिसायला सर्वांना सारखा असलेला हा दर सर्वांत कमी मिळकतीच्या माणसावर सर्वांत जड पडतो.

पण आता नाण्याची दुसरी बाजूही पाहू, कारण अर्धाच हिशेब सांगणे आमच्या चळवळीला शोभणारे नाही. दुकानासमोर एका दुचाकीची जागा आहे. सेल्समनची गाडी तिथे दहा तास उभी राहिली, तर ती जागा दिवसभर एका माणसाच्या उपयोगाची. सव्वा तास थांबणारी गिऱ्हाइके तिथे आली, तर त्याच जागेत दिवसाला आठ जण येऊन जातील. दुकानात सहा नोकर असले आणि सहाही जणांनी दारात गाड्या लावल्या, तर ४८ गिऱ्हाइकांची जागा गेली. हा तोटा खरा आहे, आणि नोकराच्या पगाराची ताकद ज्या गल्ल्यातून येते त्याच गल्ल्याचा तो तोटा आहे. मात्र मालकाची स्वतःची मोटारही ह्याच हिशेबात धरली पाहिजे. एका मोटारीच्या जागेत पाच दुचाकी सहज मावतात. म्हणजे मालकाच्या एका मोटारीने ४० गिऱ्हाइकांची जागा अडवली. दुपारी दुकान बंद असते तेव्हाही मोटार दारातच उभी असते. गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही म्हणून नोकराला दटावणाऱ्या मालकाने आधी एकदा स्वतःच्या दाराशी पाहून घ्यावे.

कामगार गाडी आणतोच कशाला?

मुंबईत हा प्रश्न आपल्यासारखा नाही. तिथला फोर्टमधला कारकून किंवा दादरच्या दुकानातला नोकर बहुधा लोकलने येतो. तिथे पार्किंगचे भाडे वाढले तर ओरड मोटारवाल्यांची होते. पुण्यात मात्र कामगारच दुचाकीवर येतो. एके काळी हे सायकलींचे शहर होते. शहर पसरत गेले, धायरी, कात्रज, वाघोली, फुरसुंगी इकडे वस्ती गेली, सायकलीच्या टप्प्यात काम राहिले नाही. आणि सायकल सुटली त्या वेळी बस तिची जागा घ्यायला पुरेशी नव्हती. ती जागा दुचाकीने घेतली. २०१८ साली पुण्यातील नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला, आणि शहराची लोकसंख्या त्या वेळी ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. त्या वाहनांत बहुसंख्य दुचाकी होत्या. माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या हे ऐकून आपण हसलो. पण त्या आकड्याचा अर्थ एवढाच होता की, येण्याजाण्याची जी सोय शहराने करायची, ती प्रत्येक घराने कर्ज काढून आपापली केली.

पैशाचा हिशेब पाहा. रोज जाऊन-येऊन २५ किलोमीटर अंतर धरले, तर अर्धा लिटर पेट्रोल जाते. शंभराच्या वर भाव असलेल्या पेट्रोलचे महिन्याला तेराशे रुपये आणि वर काही होतात. १ जून २०२५ पासून पीएमपीच्या बसचा दोन्ही शहरांसाठीचा मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपये झाला आणि दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० रुपये. म्हणजे ज्या दिवशी पास महागला, त्या दिवशी बसने जाणाऱ्या कामगाराला दुचाकी जवळजवळ स्वस्त झाली. आता तिच्यावर पार्किंगचे ५२० रुपये चढवा. खर्च अठराशेच्या पुढे गेला. कागदावर बस पुन्हा स्वस्त झाली. अर्थशास्त्र म्हणेल, उत्तम, आता हा माणूस बसने येईल.

पण दुकान बंद करून, हिशेब देऊन, शटर ओढून तो बाहेर पडतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्या वेळी त्याच्या वस्तीकडे जाणारी बस किती वेळाने आहे? बस सोडते तिथून घरापर्यंत दिवे आहेत काय? दुकानांतून काम करणाऱ्या मुली आणि बायका आता मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाच्या आधी येतो. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो भुयारातून मंडईत आणि पुढे स्वारगेटपर्यंत आली, हे चांगले झाले. पिंपरीकडून येणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण कात्रजकडच्या मार्गाचे काम अजून चालू आहे, आणि सिंहगड रस्त्याच्या माणसाला मंडईची मेट्रो घरी पोहोचवीत नाही. किंमत वाढवून माणसाला दुसऱ्या वाटेने जायला लावता येते, पण त्यासाठी दुसरी वाट असावी लागते. नसेल तर तो त्याच वाटेने जातो आणि दंड भरल्यासारखे पैसे भरतो. वाट नसताना लावलेला दर ही सरळसरळ पगारातली कपात होय.

आजही गाडी लावणे फुकट आहे असे समजू नका. पेठांतल्या बऱ्याच रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूस आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूस गाडी लावायची असते. चूक झाली की टोइंगवाले गाडी उचलतात. गिऱ्हाइकाला बाहेरचा भोंगा ऐकून धावत जाता येते. काउंटरवर माल दाखवीत असलेल्या मुलीला धावता येत नाही. तिची दिवसाची कमाई त्या एका फेरीत जाते.

दुकानदाराची भीती आणि दुकानदाराचे नुकसान

व्यापारी म्हणतात, पैसे लावले तर गिऱ्हाईक उपनगरातल्या मॉलमध्ये जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु दुकानदाराला आपले गिऱ्हाईक कशाने येते ह्याची नेहमी बरोबर कल्पना असतेच असे नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली एक पाहणी झाली. तेथील दुकानदारांचा अंदाज होता की, आपली ४१ टक्के गिऱ्हाइके मोटारीने येतात. प्रत्यक्ष विचारले तेव्हा ती २२ टक्केच निघाली. बाकीची पायी, सायकलीने, बसने येत होती. मोटारवाला दारात दिसतो, जागेसाठी भांडतो, म्हणून तो मनात भरतो. चालत आलेला गुपचूप माल घेऊन जातो. आपल्याकडे २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून ‘पादचारी दिन’ पाळला जातो. त्या दिवशी त्या रस्त्यावर किती माणसे मोकळेपणी चालतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

खरे नुकसान मात्र दुसऱ्या एका ठिकाणी आहे आणि त्याची चर्चा होत नाही. ज्याचा माल जड आहे, तो भुसाराचा, भांड्यांचा, लोखंडाचा व्यापारी टेम्पोवर जगतो. रस्त्याच्या कडा दिवसभर उभ्या गाड्यांनी भरल्या म्हणजे टेम्पो दुकानापासून शंभर-दोनशे पावलांवर थांबतो. तिथून माल हमालाच्या पाठीवर येतो. हमाली मिळते नगावर किंवा वजनावर. पावलावर मिळत नाही. टेम्पो जितका लांब थांबेल तितके हमालाचे कष्ट वाढतात आणि मजुरी तेवढीच राहते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला, तो देशाला वाट दाखवणारा होता. पण त्या कायद्याखाली ठरलेल्या मजुरीतही रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे हे ओझे कुठे धरलेले नसते. जागेला दर लागून कडा मोकळ्या झाल्या, माल उतरवायला ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा मिळाली, तर पहिला फायदा हमालाचा आहे. म्हणून पार्किंगचे भाडे म्हणजे कामगारविरोधी, असा सरसकट निकाल मी देत नाही. कामगार एका जातीचा नाही. काउंटरवरच्याला जे जाचते ते पाठीवर पोते घेणाऱ्याला तारू शकते.

गोळा झालेला पैसा कुठे जातो?

आता ह्या भाड्याच्या वसुलीकडे येऊ. आपल्याकडे बहुधा वाहनतळ ठेक्याने दिले जातात. ठेकेदार महापालिकेला एक ठरावीक रक्कम भरतो. त्याच्या वर जे मिळेल ते त्याचे. ह्या पद्धतीतच दोष आहे. जास्त पैसे मागण्यात ठेकेदाराचा फायदा, आणि पावती न देण्यातही त्याचाच फायदा. शिव्या मात्र खातो तो पावतीपुस्तक घेऊन उन्हात उभा असलेला पोरगा, ज्याला ना नेमणूकपत्र, ना साप्ताहिक सुट्टी, ना भविष्यनिर्वाह निधी. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातली गत. पार्किंगचा दर योग्य आहे की नाही हे ठरवण्याआधी तो गोळा करणाऱ्या माणसाला किमान वेतन मिळते की नाही, हे नागरिकांनी विचारले पाहिजे.

पैशाचा विनियोग उघड असला की लोकांचे मन कसे बदलते, ह्याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात मिळते. तेथील जुन्या बाजारपेठेत मीटर बसवायला दुकानदारांचा विरोध होता. १९९३ साली शहराने अट मान्य केली की, त्या भागात जमलेला पैसा त्याच भागात खर्च होईल. त्यातून पदपथ, दिवे, बाके, झाडलोट झाली. उजाड झालेली पेठ पुन्हा चालू लागली. डोनाल्ड शूप ह्या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर ह्याच विषयाचा अभ्यास केला आणि २००५ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते: दर इतकाच ठेवा की प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी जागा रिकामी सापडेल, आणि त्यातला पैसा त्या वस्तीला दिसेल असा खर्च करा. ह्यात माझी एक भर आहे. पॅसाडेनात पैसा पदपथाला गेला, ते तिथे योग्य असेल. पुण्यात तो आधी बसला गेला पाहिजे, कारण भाड्याचा जास्त भार ज्याच्यावर आहे त्याला बाके नकोत, रात्री साडेनऊची बस हवी.

मालकाचा वाटा

ह्या प्रश्नात आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे मालक. कामगार शहराच्या मध्यभागी येतो तो हौसेने येत नाही. मालकाचे काम तिथे आहे म्हणून येतो. तेव्हा त्याच्या येण्याच्या खर्चात मालकाचा वाटा असावा, हा विचार काही शहरांनी कायद्यात आणला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराने एप्रिल २०१२ पासून असा नियम केला की, ज्या मालकाने नोकरांसाठी ११ किंवा अधिक गाड्यांच्या जागा ठेवल्या असतील, त्याने दर जागेमागे वर्षाला कर भरावा. पहिल्या वर्षी तो २८८ पौंड होता; पुढे तो ५०० पौंडांच्या वर गेला. त्या पैशाच्या आधारावर शहराने ट्रामचे नवे मार्ग बांधले. ते २०१५ साली सुरू झाले. कर मालकावर, आणि सोय कामगाराला. पण तिथेही एक फट राहिली: मालकाने हा कर नोकराच्या पगारातून वसूल करू नये, असे बंधन घातले गेले नाही, आणि अनेक ठिकाणी तो कामगारानेच भरला. स्कॉटलंडमध्ये २०१९ साली असाच कायदा आला, तेव्हा तेथील काही कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला तो ह्याच कारणाने. कामावर येण्यासाठी कर का, असा त्यांचा सवाल होता.

कॅलिफोर्नियाने १९९२ साली वेगळी वाट काढली. जो मालक नोकरांसाठी भाड्याने जागा घेऊन ती त्यांना फुकट वापरू देतो, त्याने गाडी न आणणाऱ्या नोकराला तेवढी रक्कम रोख द्यावी. शूप ह्यांनी अशा आठ आस्थापनांचा अभ्यास केला. एकट्याने मोटार चालवीत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. कोणाला दंड केला नाही, कोणाची कपात केली नाही. जी सवलत गाडीवाल्यालाच मिळत होती ती चालणाऱ्यालाही दिली, एवढेच.

आपल्या पेठेतला दुकानदार लहान आहे, त्याच्याकडे चार-सहा माणसे कामाला असतात. २०१७ सालच्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने अशा लहान दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले आहे. त्यांच्या नोकराला संघटना नाही, करार नाही. म्हणून परदेशातला कायदा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मालकाने निदान बसच्या पासाचा अर्धा भाग द्यावा, ही मागणी लहान दुकानातही करता येण्यासारखी आहे. पासाचे ७५० रुपये देऊन जर दारातली एक जागा आठ गिऱ्हाइकांसाठी मोकळी होत असेल, तर तो मालकाचाही तोट्याचा व्यवहार नाही.

पुण्याने काय केले, आणि काय करावे

पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंगचे धोरण मंजूर केले. त्यावर मोठा गदारोळ झाला, मोर्चे निघाले. शेवटी दर कमी करून, प्रथम पाच रस्त्यांवर प्रयोग करावा असे ठरले, आणि तो प्रयोगही वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. विरोध करणाऱ्यांना वाटले आपण जिंकलो. पण त्या काळात रस्त्यावर जागा वाढली नाही आणि बसचा पास मात्र महाग झाला. दर न लावूनही कामगाराचे काही वाचले नाही. दर लावला असता आणि पैसा ठेकेदाराकडे गेला असता, तरीही वाचले नसते. म्हणून दर हवा की नको, ह्या एका प्रश्नावर भांडत बसणे मला पुरेसे वाटत नाही. पुढील पाच गोष्टी एकत्र मागाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

पहिली, आधी बस, मग भाडे. पेठांतून उपनगरांकडे जाणाऱ्या मुख्य मार्गांवर रात्री साडेदहापर्यंत भरवशाची बस चालू झाल्याखेरीज कामगाराच्या दुचाकीवर तासाचा दर लावू नये. दुसरी, मुख्य रस्त्यावरची जागा थोड्या वेळासाठी आणि मोल देऊन. दिवसभर थांबणाऱ्यासाठी मंडईसारख्या वाहनतळांच्या वरच्या मजल्यांवर स्वस्त मासिक पास, आणि तो दुकानात काम करीत असल्याचा साधा दाखला दाखवून मिळावा. तिसरी, भाड्याचा पैसा वेगळ्या खात्यात. पीएमपीच्या तुटीत पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के भार उचलतात. त्या तुटीत हा पैसा नुसता बुडवू नये, त्यातून किती जादा बसफेऱ्या सुटल्या हे दरवर्षी जाहीर करावे. चौथी, टेम्पोला माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ आणि राखून ठेवलेली जागा. पाचवी, वसुली करणाऱ्या माणसाला नेमणूकपत्र आणि किमान वेतन. ही अट ठेक्यातच असावी.

ह्यांपैकी एकही मागणी दुकानदाराच्या विरुद्ध नाही. रस्ता मोकळा झाला, गिऱ्हाइकाला जागा मिळाली, माल वेळेवर उतरला, नोकर थकून न येता आला, तर गल्ला वाढेल तो त्याचाच. परंतु हा फायदा व्हावा म्हणून जो खर्च येतो तो मुकाट्याने कामगाराच्या पगारातून काढून घ्यायचा, असे मात्र होता कामा नये. पुढच्या वेळी महापालिकेत हा विषय निघेल तेव्हा आपण नागरिकांनी दर किती हे विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हा दर दहा तास थांबणाऱ्याला महिन्याला किती पडतो, आणि त्या पैशातून त्याच्या घराकडे रात्री कितीची बस सुटते? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील, तर तो ठराव परत पाठवावा. उत्तरे असतील, तर आमची संघटना त्या दराच्या बाजूने आपल्याबरोबर उभी राहील.